अतिदक्षता विभागातील चाचणीचा शोधनिबंध कसा वाचावा

अतिदक्षता विभागातील एखाद्या उपचारावरचा शोधनिबंध हाती आला की बहुतेक जण सारांश वाचतात, त्यातले शेवटचे वाक्य लक्षात ठेवतात आणि दुसऱ्या दिवशी राउंडमध्ये ते ऐकवतात. ही सवय मोडावी. सारांश बाजूला ठेवून आधी ‘पद्धती’ हा भाग उघडावा, कारण चाचणीत प्रत्यक्ष काय केले गेले ते तिथेच लिहिलेले असते. निष्कर्षातून फक्त लेखकांनी त्याचा लावलेला अर्थ कळतो. संख्याशास्त्राचे विशेष ज्ञान नसले तरी चालते, कागद आणि पेन मात्र जवळ असावे.

कागदावर सुरुवातीला चार गोष्टी टिपाव्यात: रुग्ण कोण होते, त्यांना काय दिले, तुलना कशाशी केली आणि मोजले काय. यातील तिसऱ्या गोष्टीकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होते. २००१ साली डेट्रॉइटमधील एका रुग्णालयात सेप्सिसच्या (संसर्गामुळे अवयव निकामी होऊ लागण्याच्या आजाराच्या) २६३ रुग्णांवर चाचणी झाली. पहिल्या सहा तासांत ठरावीक लक्ष्ये गाठण्यासाठी काटेकोर उपचार केलेल्या गटात रुग्णालयातील मृत्यूचे प्रमाण ३०.५ टक्के होते, तर नेहमीचे उपचार मिळालेल्या गटात ४६.५ टक्के. पुढे २०१४ आणि २०१५ मध्ये प्रोसेस, अराइज आणि प्रॉमिस या तीन मोठ्या चाचण्या प्रसिद्ध झाल्या; तिन्हींमध्ये त्या काटेकोर पद्धतीने मृत्यू कमी झाले नाहीत. मधल्या काळात सेप्सिस लवकर ओळखणे, अँटिबायोटिक लगेच सुरू करणे आणि सलाइन वेळेवर देणे या गोष्टी सर्रास होऊ लागल्या होत्या. म्हणजे ‘नेहमीचे उपचार’ हे शब्द तेच राहिले, त्यांच्या आतला मजकूर बदलला. म्हणून नियंत्रण गटाला, म्हणजे ज्याच्याशी तुलना केली त्या गटाला, नेमके काय मिळाले हे पूरक तक्त्यांत जाऊन पाहावे आणि आपल्या विभागात आज जे चालते त्याच्याशी ते ताडून पाहावे.

चौथ्या गोष्टीवर अधिक वेळ द्यावा. अतिदक्षता विभागात मॉनिटरवर आकडे सतत दिसत असतात आणि आकडा सुधारला की रुग्ण सुधारला असे वाटू लागते. या समजुतीला सर्वांत चांगले उत्तर २००० सालच्या आर्ड्‌सनेट चाचणीत मिळते. एआरडीएसच्या (फुप्फुसे सुजून रक्ताला पुरेसा ऑक्सिजन न मिळण्याच्या गंभीर आजाराच्या) ८६१ रुग्णांना दोन गटांत विभागले होते: एका गटाला प्रत्येक श्वासामागे अपेक्षित वजनाच्या दर किलोला १२ मिलिलिटर आणि दुसऱ्याला ६ मिलिलिटर हवा देण्याचे लक्ष्य होते. सुरुवातीच्या दिवसांत रक्तातील ऑक्सिजनचे प्रमाण मोठ्या श्वासांच्या गटातच चांगले होते. मृत्यूचे प्रमाण मात्र त्या गटात ३९.८ टक्के आणि लहान श्वासांच्या गटात ३१.० टक्के निघाले. पहिल्या काही दिवसांचे ब्लड गॅस (रक्तातील ऑक्सिजन वगैरे वायूंची तपासणी) पाहूनच कोणी निर्णय घेतला असता तर फुप्फुसांना इजा करणारा उपचार निवडला गेला असता. रक्तदाब, ऑक्सिजन, लॅक्टेट (पेशींना ऑक्सिजन कमी पडला की रक्तात वाढणारा घटक) ही मापे उपयोगी आहेत, पण मुख्य परिणाम म्हणून ती दिसली तर निबंधाकडे संशयाने पाहावे. मृत्यू किती दिवसांनी मोजले, तेही पाहावे. आयसीयूतून बाहेर पडेपर्यंत मोजणे आणि ९० दिवसांपर्यंत मोजणे यांत बराच फरक पडतो. ‘व्हेंटिलेटरविना दिवस’ असे माप असेल तर त्यात मृत रुग्णाला शून्य दिवस मिळतात हे लक्षात ठेवून दोन्ही गटांतील मृत्यू वेगळे पाहावेत.

याच चाचणीतला ‘अपेक्षित वजन’ हा शब्द घाईत वाचणाऱ्यांच्या नजरेतून हमखास सुटतो. हे वजन उंची आणि लिंग यांवरून काढतात. १७० सेंटिमीटर उंचीच्या पुरुषाचे अपेक्षित वजन सुमारे ६६ किलो येते, म्हणजे ६ मिलिलिटरच्या हिशेबाने श्वास जवळपास ४०० मिलिलिटरचा होतो. त्याच माणसाचे प्रत्यक्ष वजन ९५ किलो असले आणि कोणी तेच धरले, तर व्हेंटिलेटरवर ५७० चा आकडा जाईल. निबंध वाचला आणि उपचार भलताच दिला, असे यातून घडते.

यानंतर रुग्णांचे दोन गटांत वाटप कसे झाले ते तपासावे. रुग्ण कोणत्या गटात जाणार हे आधी कळण्याची सोय डॉक्टरांना होती का, हा प्रश्न महत्त्वाचा आहे. मध्यवर्ती संगणकावरून वाटप झाले असेल तर ती शक्यता बरीच घटते. रुग्णाला पालथे झोपवणे यासारखा उपचार कोणापासून लपवता येत नाही, त्यामुळे अशा चाचणीत मृत्यूसारखे निर्विवाद परिणाम जास्त भरवशाचे मानावेत. श्वासासाठी घातलेली नळी कधी काढली यासारखे परिणाम डॉक्टरांच्या मतावर अवलंबून असतात.

वाटपच झाले नसेल, केवळ जुन्या नोंदी चाळून अभ्यास केला असेल, तर दोन सापळे असतात. अधिक आजारी रुग्णालाच अधिक औषध मिळते आणि मग औषधच घातक भासते, हा एक. दुसरा लवकर लक्षात येत नाही: दहाव्या दिवशी ट्रॅकिऑस्टॉमी (गळ्याला छिद्र पाडून श्वासनळीत नळी बसवणे) झालेल्या रुग्णांची तुलना ती न झालेल्यांशी केली, तर पहिल्या गटातील प्रत्येक जण निदान दहा दिवस जगलेलाच असतो, आणि तिसऱ्या दिवशी दगावलेला रुग्ण आपोआप दुसऱ्या गटात जमा होतो. ट्रॅकिऑस्टॉमीने काहीच साधले नसले तरी ती जीव वाचवते असे दिसते.

आकडे वाचताना टक्क्यांची वजाबाकी स्वतः करावी. आर्ड्‌सनेटमध्ये फरक ८.८ टक्क्यांचा आहे, शंभराला ८.८ ने भागले की साधारण अकरा-बारा रुग्णांमागे एक मृत्यू टळला असे कळते. ‘धोका २२ टक्क्यांनी घटला’ हे वाक्यही त्याच आकड्यांतून निघते, ऐकायला मात्र भारी वाटते. नुकसानाचा हिशेबही असाच मांडावा. बेल्जियममधील ल्युव्हेन येथील २००१ च्या चाचणीनंतर रक्तातील साखर इन्सुलिनने अगदी काबूत ठेवण्याची लाट आली होती. २००९ मध्ये ६,१०४ रुग्णांच्या नाइस-शुगर चाचणीत तसे केल्यावर ९० दिवसांतील मृत्यू २७.५ टक्के आणि सौम्य नियंत्रणात २४.९ टक्के आढळले, आणि साखर धोकादायकरीत्या घसरण्याचे प्रमाण ०.५ वरून ६.८ टक्क्यांवर गेले. पहिली चाचणी एकाच केंद्रात, मुख्यतः शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांवर झाली होती.

‘लक्षणीय फरक नाही’ याचा अर्थ ‘दोन्ही सारखेच’ असा घेऊ नये. १९९९ च्या ट्रिक चाचणीत हिमोग्लोबिन ७ च्या खाली गेल्यावरच रक्त दिलेल्या गटात ३० दिवसांतील मृत्यू १८.७ टक्के होते आणि १० च्या खाली जाताच रक्त दिलेल्या गटात २३.३ टक्के. पी-मूल्य (उपचारांत खरा फरक नसतानाही केवळ योगायोगाने इतका फरक दिसण्याची शक्यता) ०.११ आले, म्हणजे ०.०५ या रूढ मर्यादेहून जास्त; पण फरकाचा विश्वासार्ह पल्ला (खरा फरक ज्या दोन आकड्यांच्या दरम्यान असू शकतो ते अंतर) पाहिला तर कमी रक्त देणे फार तर एका टक्क्याहून थोडे कमी इतके तोट्याचे आणि दहा टक्क्यांपर्यंत फायद्याचे असू शकते असे दिसते. निर्णयासाठी हा पल्ला पी-मूल्यापेक्षा कितीतरी अधिक सांगतो.

उपगटांचे (चाचणीतील रुग्णांच्या लहान गटांचे) निष्कर्ष आधीच ठरवलेले असतील तरच गंभीरपणे घ्यावेत. रिकव्हरी चाचणीत डेक्सामेथासोन या स्टिरॉइडचा परिणाम रुग्णाला लागणाऱ्या श्वासाच्या आधारानुसार पाहायचा, हे अगोदर ठरले होते: व्हेंटिलेटरवरील कोविड रुग्णांत मृत्यू ४१.४ वरून २९.३ टक्क्यांवर आले, तर ज्यांना ऑक्सिजनही लागत नव्हता त्यांना काही फायदा दिसला नाही. अशी पायरीपायरीने बदलणारी आणि आजाराच्या स्वरूपाशी जुळणारी मांडणी भरवशाची वाटते.

शेवटी आपल्या रुग्णाकडे यावे. २०१३ च्या प्रोसेव्हा चाचणीत पालथे झोपवलेल्या गटात २८ दिवसांतील मृत्यू १६.० टक्के आणि दुसऱ्या गटात ३२.८ टक्के होते, पण निवडलेले रुग्ण गंभीर एआरडीएसचे होते, त्यांना सलग किमान १६ तास पालथे ठेवले जात होते आणि तिथल्या केंद्रांना या कामाचा पाच वर्षांहून अधिक अनुभव होता. आपण चार तास पालथे ठेवून ‘प्रोसेव्हा करून पाहिले’ असे म्हणू नये. किती रुग्ण तपासले आणि त्यांतून किती घेतले याचा आराखडा निबंधात असतोच. वगळलेल्यांच्या कारणांमध्ये आपल्या रुग्णाचे कारण सापडले, तर उपचार सुरू करण्यापूर्वी वरिष्ठांशी बोलावे आणि त्यानंतरची चाचणी झाली आहे का, ते त्याच दिवशी शोधावे.