ग्रुपसोबत पहिले २१ किलोमीटर

सातारा हिल हाफ मॅरेथॉनसाठी ग्रुपमध्ये आलात ना? मग पहिले दोन महिने खुशाल सर्वांत मागे पळा. मी पहिल्याच रविवारी पुढच्या पोरांच्या नादी लागले आणि यवतेश्वर घाटाच्या दुसऱ्या वळणावर कठडा धरून बसले. वेग घड्याळात बघू नका. पळता पळता शेजारणीशी भाजीचे भाव बोलता आले पाहिजेत, एवढाच वेग. धाप लागली की सरळ चाला. चढावर पावलं छोटी टाकायची. उतार जास्त लबाड! टाचा आपटत उतरलात तर दुसऱ्या दिवशी घरचा जिना उलटा उतरावा लागतो, माझ्यासारखा. लांबचं पळणं आठवड्यातून एकदाच, एकेक किलोमीटर वाढवत. कोरे बूट शर्यतीला घालायचे नाहीत. आणि पळून झाल्यावर पोटऱ्या मिसळीआधी ताणा, नंतर कुणी ताणत नाही.