मानसशास्त्राची उजळणी: पुस्तक मिटून करा

परीक्षा जवळ आली की नाशिकच्या कोणत्याही अभ्यासिकेत डोकावा, हायलाइटरने पिवळी झालेली पानं आणि तेच प्रकरण पुन्हा पुन्हा वाचणारी मुलं दिसतील. वाचताना सगळं ओळखीचं वाटतं, म्हणून आलं असं वाटतं. पण पाहून ओळखणं म्हणजे प्रत्यभिज्ञा आणि काही समोर नसताना आठवणं म्हणजे प्रत्यावाहन. पेपरात दीर्घ उत्तरं लिहायची तर प्रत्यावाहनच लागतं.

म्हणून सुरुवात कोऱ्या कागदाने करा. प्रकरण एकदा नीट वाचा, पुस्तक मिटा आणि आठवेल ते लिहून काढा. मोडकंतोडकं चालेल. मग पुस्तक उघडून राहिलेलं लाल पेनाने भरा. उद्याचा अभ्यास तेवढाच. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये हेच तपासलं होतं. पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत पुन्हा वाचणारे पुढे होते, आठवड्याने घेतलेल्या चाचणीत मात्र आठवून लिहिणारे त्यांच्या पुढे गेले. त्यामुळे पहिल्या दिवशी कागद अर्धा रिकामा राहिला तरी घाबरू नका.

यानंतरचं काम सगळ्यात महत्त्वाचं, त्याला भरपूर वेळ द्या: गोंधळ घालणाऱ्या संकल्पनांच्या जोड्या काढा आणि प्रत्येकीला आपल्या गावातलं उदाहरण शोधा. पुस्तकातलं उदाहरण पाठ होतं, स्वतः शोधलेलं समजतं.

वेदन आणि संवेदन घ्या. गोदावरीला पूर आला की आपण दुतोंड्या मारुतीकडे बघतो. पाहुण्याच्या डोळ्यांवरही तोच प्रकाश पडतो, पण त्याला पाण्यात उभी मूर्ती दिसते. नाशिककर म्हणतो, ‘कमरेला पाणी लागलं, चांगलाच चढलाय पूर.’ डोळ्यांनी टिपलं ते वेदन. पूर्वानुभवाच्या जोरावर त्याला अर्थ लावला ते संवेदन.

अभिजात आणि साधक अभिसंधान हे शिकण्याचे दोन प्रकार, त्यांत आधी क्रम बघा. लहानपणी दवाखान्यात सुई टोचून घेतलेल्या मुलाला पुढे नुसत्या स्पिरिटच्या वासानेही धडधडतं. सुईचं दुखणं हे अनभिसंधित उद्दीपक, म्हणजे न शिकताच प्रतिक्रिया घडवणारं. वास हे अभिसंधित उद्दीपक, म्हणजे दुखण्याशी जोडला गेल्यामुळे प्रतिक्रिया घडवणारं. इथे संकेत आधी येतो आणि प्रतिक्रिया आपोआप उमटते. साधक अभिसंधानात आधी आपण काहीतरी करतो, परिणाम नंतर येतो.

आता प्रबलन आणि शिक्षा. इथे दोनच प्रश्न विचारायचे. वर्तन वाढलं की घटलं? वाढलं तर प्रबलन, घटलं तर शिक्षा. काही मिळालं की काही गेलं? मिळालं तर धन, गेलं तर ऋण. २०२१ मध्ये नाशिक पोलिसांनी ‘हेल्मेट नाही तर पेट्रोल नाही’ ही मोहीम सुरू केली होती, ती या प्रश्नांवर तपासून पाहा. हेल्मेट घातलं, पेट्रोल मिळालं, घालण्याचं प्रमाण वाढलं: धन प्रबलन. विनाहेल्मेट सापडलात, दंडाचे पैसे गेले, तसं फिरणं कमी झालं: ऋण शिक्षा. कारमध्ये सीटबेल्ट लावेपर्यंत पीं-पीं चालू राहतं आणि लावला की थांबतं, म्हणून आपण चटकन लावतो. त्रास गेला, वर्तन वाढलं, म्हणजे ऋण प्रबलन. बहुतेकांचे गुण जातात ते इथेच, कारण ऋण प्रबलन म्हणजे शिक्षा असं बिनधास्त लिहून टाकलं जातं.

उजळणी एका बैठकीत उरकू नका. एबिंगहाउस या मानसशास्त्रज्ञाने १८८५ मध्ये निरर्थक अक्षरसमूह स्वतः पाठ करून दाखवून दिलं की विस्मरण सुरुवातीलाच सर्वांत वेगाने होतं. म्हणून पहिली उजळणी दुसऱ्याच दिवशी, मग तीन-चार दिवसांनी, मग आठवड्याने, आणि दर वेळी पुन्हा कोरा कागद.

नावं आणि सनावळ्यांवर फार वेळ घालवू नका, चिठ्ठीभर पुरे: वुंट, लाइपझिगची मानसशास्त्र प्रयोगशाळा, १८७९; वॉटसन, वर्तनवाद, १९१३; मिलर, अल्पकालीन स्मृतीत साधारण सात अधिक-उणे दोन घटक, १९५६. अभिजात अभिसंधानाचे प्रयोग करणाऱ्या पॅव्हलॉव्हला १९०४ चं नोबेल मिळालं ते पचनसंस्थेवरच्या कामासाठी, अभिसंधानासाठी नव्हे. यावर वस्तुनिष्ठ प्रश्न आला तर चुकू नका.

शेवटी जुन्या प्रश्नपत्रिका घड्याळ लावून सोडवा. ‘फरक स्पष्ट करा’ असं विचारलं असेल तर दोन व्याख्या लिहून थांबू नका. फरकाचा मुद्दा आधी लिहा आणि दोन्ही बाजूंना एकेक उदाहरण द्या. मारुतीचं आणि हेल्मेटचं उदाहरण खुशाल वापरा, पण तुम्हाला स्वतःला सुचलेलं असेल तर तेच लिहा.