कानाचं मशीन फोनवरून कसं चालवावं

माझी आत्या एकोणऐंशी वर्षांची आहे, सांगलीला एकटी राहते. दोन्ही कानांमागे श्रवणयंत्रं आहेत, म्हणजे घरच्या भाषेत 'मशीन'. त्यावरचं बटण तांदळाच्या दाण्याएवढं आणि आत्याच्या बोटांत संधिवात. मशीन कानावर असताना बटण दिसत नाही, चाचपडावं लागतं, आणि हात जवळ नेला की मशीन शिट्टी मारतं. तिने यावर स्वतःचा तोडगा काढला होता. आवाज सोसेनासा झाला की मशीन काढायचं आणि पदराच्या टोकाला गाठ मारून ठेवायचं. लग्नाकार्यात सगळे तिच्याशी बोलत असायचे आणि कान पदरात!

आता ती फोनवरून आवाज कमी-जास्त करते. हे जमवायला आम्हाला तीन रविवार लागले. तुम्हाला एकाच दुपारी जमावं म्हणून काय काय केलं ते सांगते.

आधी मशीन ओळखा

'फोनला जोडता येतं' असं दुकानात सांगतात तेव्हा दोन वेगळ्या गोष्टी एकत्र सांगितलेल्या असतात. पहिली म्हणजे फोनवरून मशीन चालवणं : आवाज, प्रोग्रॅम (म्हणजे घर, गर्दी अशा जागेप्रमाणे मशीनमध्ये आधीच बसवलेली आवाजाची मांडणी), माइकची दिशा. दुसरी म्हणजे फोनमधला आवाज, कॉल किंवा भजन, थेट मशीनमध्ये ऐकू येणं. पहिली गोष्ट ब्लूटूथ असलेल्या बऱ्याच मशीनना साध्या अँड्रॉइड फोनवरही जमते. दुसरीसाठी मात्र मशीन आणि फोन दोघांची पद्धत जुळावी लागते. आयफोनशी थेट जुळणारी पहिली मशीन २०१४ साली आली. अँड्रॉइडमध्ये तशी सोय आवृत्ती १० पासून, म्हणजे २०१९ पासून आहे, पण प्रत्येक फोनमध्ये नाही. काही मशीनना मध्ये गळ्यात अडकवायचं एक वेगळं उपकरण लागतं. खिशात ठेवायच्या जुन्या वायरच्या मशीनचा इथे संबंध नाही.

म्हणून नवा फोन घेण्याआधी मशीनचं मॉडेल कागदावर लिहून घ्या आणि कंपनीच्या संकेतस्थळावरच्या यादीत आपला फोन आहे का ते बघा. आमच्याकडे उलटं झालं. अँड्रॉइड फोन आधी घेतला, आणि त्यावर नियंत्रण चालतं पण कॉल मशीनमध्ये येत नाही, हे घरी आल्यावर कळलं. शेवटी तो बदलून आयफोन घ्यावा लागला.

मशीन अजून घ्यायचंच असेल तर आधी ऑडिओलॉजिस्टकडून, म्हणजे ऐकू येणं तपासणाऱ्या तज्ज्ञाकडून, रीतसर तपासणी करून घ्या. मुंबईकरांना वांद्र्याची, श्रवणदोषांवर काम करणारी अली यावर जंग संस्था माहीत असेलच. मशीनच्या कंपनीच्या ॲपमधले आवाज कमी-जास्त करायचे बाण ऑडिओलॉजिस्टने आखलेल्या हद्दीतच फिरतात. मूळ बसवणी चुकली असेल तर फोनवर कितीही बोटं फिरवली तरी ती सुधारत नाही.

जोडणीच्या दिवशी

दुपारची निवांत वेळ निवडा. फोन पूर्ण चार्ज करा. मशीन सेलवर चालत असेल तर नवे सेल घाला. सेलच्या स्टिकरचा रंगच त्याचा नंबर सांगतो : १० पिवळा, ३१२ तपकिरी, १३ केशरी, ६७५ निळा. हे सेल हवेवर चालतात, त्यामुळे स्टिकर काढल्यावर मिनिट-दोन मिनिटं तसेच उघडे ठेवा आणि मग आत घाला. लगेच घातले तर मशीन सुरू होतं, पण जोडणीच्या मध्येच दम टाकू शकतं.

मग मशीन बंद करून पुन्हा चालू करायचं. सेलचं असेल तर सेलचं दार उघडून बंद करा. चार्जिंगचं असेल तर डबीत ठेवून बाहेर काढा. मशीन चालू झाल्यावर पहिली दोन-तीन मिनिटंच नवा फोन शोधत असतं. बहुतेकांचं घोडं इथेच अडतं, कारण आपण आधी मशीन चालू करतो आणि मग चष्मा शोधायला जातो. चष्मा डोळ्यांवर, फोन उघडा, ब्लूटूथ चालू आणि सगळ्यात शेवटी मशीनचं दार बंद, असा क्रम ठेवा.

आयफोनवर नेहमीच्या ब्लूटूथच्या पानावर जाऊ नका. सेटिंग्जमध्ये ॲक्सेसिबिलिटी आणि त्यात हिअरिंग डिव्हाइसेस उघडा. तिथे मशीनचं नाव दिसेल, त्यावर बोट टेका. दोन मशीन असतील तर परवानगीची चौकट दोनदा येते, आणि दुसरी काही सेकंद उशिरा. पहिल्या चौकटीला होकार देऊन फोन खाली ठेवला की एकच कान जोडला जातो. दुसरी येईपर्यंत थांबा.

अँड्रॉइडवर पुस्तिकेत दिलेला क्रम पाळा. बऱ्याच मशीनची जोडणी कंपनीच्या ॲपमधूनच सुरू होते. अँड्रॉइड १४ पासून सेटिंग्जच्या ॲक्सेसिबिलिटीत श्रवणयंत्रांसाठी वेगळं पानही आहे. ॲप परवानग्या मागतं तेव्हा घाबरून नकार देऊ नका. अँड्रॉइड ११ पर्यंत जवळचं ब्लूटूथ उपकरण शोधायला लोकेशनची परवानगी लागायची. १२ पासून 'जवळपासची डिव्हाइस' अशी वेगळी परवानगी आली. आमचा पहिला रविवार यातच गेला. "माझा पत्ता कशाला हवाय त्यांना?" म्हणत आत्याने नकार दाबला होता आणि मी तासभर मशीनला दोष देत बसले होते.

जोडणी झाल्यावर डावं-उजवं तपासा. मशीनवर किंवा सेलच्या दारात बारीक खूण असते, लाल म्हणजे उजवा आणि निळा म्हणजे डावा. ॲपमध्ये फक्त उजव्याचा आवाज वाढवून कोणत्या कानात फरक पडला ते विचारा.

पडदा रिकामा करा

ॲप उघडल्यावर जे दिसतं ते बघून कोणीही घाबरेल. आवाज, जाड-बारीक स्वर, गोंगाट कमी करणं, हॉटेल, गाडी, संगीत, शिवाय जाहिरातवजा सल्ले. पहिल्या आठवड्यात दोनच गोष्टी शिकवा : आवाजाची पट्टी, आणि 'घर' व 'गर्दी' हे दोन प्रोग्रॅम. ॲपमध्ये प्रोग्रॅमची नावं बदलता येत असतील तर मराठीत ठेवा. आत्याच्या फोनवर गर्दीच्या प्रोग्रॅमचं नाव 'मंडई' आहे.

ॲप पहिल्या पानावर, अंगठ्याच्या टापूत ठेवा. अक्षरं मोठी करा. म्हातारं बोट पडद्यावर टेकून राहतं, फोनला ते दाबून धरल्यासारखं वाटतं आणि सगळी चिन्हं थरथरायला लागतात. अँड्रॉइडच्या ॲक्सेसिबिलिटीत स्पर्श करून धरण्याचा अवधी वाढवता येतो, तो वाढवून टाका. भांडी घासून ओल्या हाताने पडद्याला हात लावला तर तो ऐकत नाही, हेही आधीच सांगा. नाहीतर 'मशीन बिघडलं' असा फोन तुम्हालाच येतो.

आयफोनवर एक छान सोय आहे. ॲक्सेसिबिलिटी शॉर्टकटमध्ये हिअरिंग डिव्हाइसेस निवडलं की कडेचं बटण तीनदा दाबल्यावर आवाजाची पट्टी समोर येते, ॲप शोधावं लागत नाही. होम बटणाच्या जुन्या फोनवर तेच बटण तीनदा दाबायचं.

कानात काय वाजावं, काय वाजू नये

हे पहिल्याच दिवशी करा, आम्ही केलं नव्हतं. फोनचा आवाज मशीनमध्ये येऊ लागला की सगळाच येतो. दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला आत्याच्या डोक्यात टिंग टिंग सुरू झालं. नातेवाइकांच्या ग्रुपवरचे शुभ सकाळ. तिला वाटलं, कानातच काहीतरी झालं.

आयफोनच्या त्याच हिअरिंग डिव्हाइसेसच्या पानावर रिंगटोन मशीनमध्ये वाजावी की नाही याचं बटण आहे, आणि कॉलचा व गाण्यांचा आवाज कुठे जावा हेही ठरवता येतं. अँड्रॉइड १४ मध्येही रिंग आणि सूचना फोनच्या स्पीकरवर ठेवता येतात. कॉल कानात आणि बाकी सगळं बाहेर, अशी वाटणी आम्हाला मानवली.

कॉलबद्दल आणखी एक. अनेक मशीनमध्ये समोरच्याचा आवाज कानात येतो, पण आपला आवाज फोनचाच माइक घेतो. फोन टेबलावर ठेवून स्वयंपाकघरातून बोललं तर पलीकडे काही कळत नाही. मशीनच्याच माइकमधून बोलता येईल, असं थोड्या नव्या मशीनमध्ये आहे.

आयफोन स्वतःच माइक म्हणून वापरता येतो, त्याला लाइव्ह लिसन म्हणतात. कीर्तनात बुवांजवळ फोन ठेवा आणि मागच्या सतरंजीवर बसून ऐका. अंतर साधारण दहा मीटरच्या आत हवं, आणि मध्ये भिंत नको. बाहेर निघताना तो बंद करायला विसरू नका. आत्या एकदा फोन हॉलमध्ये ठेवून अंगणात गेली, आणि तिच्याबद्दल जे बोललं गेलं ते तिने शब्दशः ऐकलं. त्या दिवशी कोणीही जेवताना फार बोललं नाही.

मशीन भलत्याच फोनला चिकटतं तेव्हा

दुकानात चाचणीसाठी मशीन पहिल्यांदा माझ्या फोनला जोडलं होतं. नंतर मी सांगलीला गेले की ते माझाच फोन पकडायचं. एकदा माझ्या ऑफिसचा कॉल आत्याच्या कानात गेला. तिने तो पूर्ण ऐकून घेतला आणि म्हणाली, "तुझा साहेब फार बोलतो गं."

पण खरा प्रसंग त्याच संध्याकाळी घडला. ती टीव्ही मोठा करत होती, म्हणून मी माझ्या फोनवरून मशीनचा 'गर्दी' प्रोग्रॅम हळूच बदलला. तिला कळलं. टीव्ही बंद करून म्हणाली, "माझा कान माझ्याकडे राहू दे." मी तिच्यासमोरच माझ्या फोनवरची जोडणी काढून टाकली : मशीनच्या नावापुढचं चिन्ह, आणि 'विसरा'. तुम्हीही जोडणी लावून दिल्यावर स्वतःचा फोन यातून बाहेर काढा. मदत करावी लागली तर तिच्या फोनवर, तिच्या हातात फोन असताना करा.

जोडणी तुटत असेल तर आधी फोन कुठे आहे ते बघा. ब्लूटूथच्या लहरी अंगातून नीट जात नाहीत. फोन मागच्या खिशात किंवा पोटाशी धरलेल्या पिशवीच्या तळाशी असेल तर आवाज तुटतो, पुढे किंवा हातात धरला की सुधारतो. तरीही नाही जमलं तर ब्लूटूथ बंद-चालू, मग मशीन बंद-चालू आणि अगदी शेवटी जुनी जोडणी पुसून नव्याने जोडणी. ॲपने मशीनचं अपडेट सुचवलं तर गावाला निघायच्या आदल्या रात्री करू नका. नवे सेल घालून, मशीन कानातून काढून, फोनशेजारी ठेवून, मोकळ्या वेळी करा.

ॲपमधलं 'मशीन शोधा' हे फोन आणि मशीन शेवटचे कुठे एकत्र होते तेवढंच दाखवतं. मशीन रिक्षात राहिलं असेल तर रिक्षा कुठे गेली हे त्याला कळत नाही. पावसाळ्यात रात्री सेल काढून, दार उघडं ठेवून मशीन ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या डबीत ठेवा. दमट हवेत मशीन बंद पडतं आणि आपण ब्लूटूथला शिव्या देतो.

"आणि लाइट गेले, फोन बंद पडला तर?" हा आत्याचा शेवटचा प्रश्न. मशीन फोनशिवाय चालतच राहतं. फोन हा नुसता रिमोट आहे. पट्टी कशीही फिरवली असली तरी बहुतेक मशीन बंद करून चालू केलं की आवाज मूळ जागी येतो, त्यामुळे 'माझ्याकडून बिघडेल' ही भीती नको. मशीनवरचं बटण मात्र ऑडिओलॉजिस्टला सांगून चालू ठेवून घ्या, फोन आला म्हणून काही ठिकाणी ते बंद करून टाकतात. आत्याने उजव्या मशीनचं बटण आवाज वाढवायला आणि डाव्याचं कमी करायला मागून घेतलं आहे. फोन चार्जिंगला लावलेला असला की ती तेच चाचपते, शिट्टी वाजली तरी.