नजर आणि रोजची कामे: मोजमाप करताना या चुका टाळा

सर्वाधिक आढळणारी चूक म्हणजे भिंतीवरच्या तक्त्यावर सगळी भिस्त ठेवणे. ६/१८ (निरोगी नजरेला १८ मीटरवरून वाचता येते ते ६ मीटरवरून वाचता येणे) हा आकडा भरपूर उजेडात, पांढऱ्यावरची काळीभोर अक्षरे कितपत वाचता येतात एवढेच सांगतो. तिन्हीसांजेला पायरीची कड दिसते की नाही, हे त्यावरून कळत नाही. काचबिंदूच्या रुग्णाची मधली नजर शाबूत असली तर तो शेवटची ओळही वाचून दाखवतो आणि बाहेर पडताच बाजूने आलेल्या सायकलला धडकतो. नजरेमुळे रोजच्या कामांत काय अडते, हे विचारणाऱ्या प्रश्नावलीची गरज पडते ती येथे.

मात्र ती कोणतीही चालत नाही. अमेरिकेतील व्हीएफक्यू-२५ या २५ प्रश्नांच्या प्रश्नावलीत मोटार चालवण्याविषयी प्रश्न आहेत, जे आपल्याकडच्या अनेक ज्येष्ठांना लागूच पडत नाहीत. भारतीय रुग्णांशी बोलून तयार केलेली आणि २००५ मध्ये प्रसिद्ध झालेली ३३ प्रश्नांची आयएनडी-व्हीएफक्यू येथे अधिक जवळची ठरते.

खरा घोळ होतो तो "करत नाही" या उत्तराशी. शिवणकामाविषयी विचारल्यावर आजी म्हणतात, "आता नाही हो शिवत मी," आणि विचारणारा "नजरेमुळे बंद केले" यावर खूण करून मोकळा होतो. पुढे "का बरं?" एवढे विचारले असते, तर बोटे थरथरतात किंवा गोधड्या आता विकतच आणतात, हे कळले असते. व्हीएफक्यू-२५ मध्ये नजरेमुळे सोडलेल्या कामाला १०० पैकी ० गुण (जास्त गुण म्हणजे कमी अडचण) मिळतात, अन्य कारणाने सोडलेले काम मात्र गणतीतूनच वगळले जाते. दोन उत्तरांपैकी एकाला ७५ गुण असतील आणि दुसऱ्याला चुकून ० दिले, तर सरासरी ३७.५ येते, वगळले असते तर ती ७५ राहिली असती.

सोबत आलेला मुलगा उत्तरे देऊ लागला, तर त्याला नम्रपणे थांबवावे. आई भाजी निवडताना किती चाचपडते, हे त्याला बहुधा ठाऊक नसते. चष्म्याचेही असेच आहे: उत्तरे चष्मा लावून दिसते तशी द्यायची असतात, पण त्याची काडी मोडून तो महिनोन् महिने कपाटात पडला असेल, तर तशी नोंद करावी.

मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेआधी प्रश्न वाचून दाखवले असतील, तर नंतरही वाचूनच दाखवावेत. पद्धत बदलली, तर गुणांतला फरक शस्त्रक्रियेचा की विचारण्याचा, हे सांगता येत नाही.