घरातल्या शुश्रूषेची सरकारदरबारी नोंद कशी मागावी

अंथरुणाला खिळलेल्या सासऱ्यांचे किंवा सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलाचे सगळे करणाऱ्या बाईला ‘किती करते हो!’ एवढीच पावती मिळते. मोहीम काढायची तर पहिल्याच बैठकीत ठरवून टाकावे, की आपल्याला शाल-श्रीफळ नको, भत्ता हवा. नाहीतर महिला दिनाला सत्कार होतो आणि विषय तिथेच मिटतो.

सुरुवात वहीपासून करावी. प्रत्येक घराने पंधरा दिवस वेळ घालून लिहावे : ‘रात्री २.१०, कूस बदलली. ३.४०, चादर बदलली. ५.१५, नळीतून पाणी.’ निवेदनातील चार विशेषणांपेक्षा असे एक पान अधिक बोलते. केंद्राच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार १५ ते ५९ वयोगटातल्या, घरच्यांची काळजी घेणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी १४० मिनिटे देतात, तर पुरुष ७४. हा आकडा वहीतल्या बेरजेशेजारी मांडावा.

मोर्चाच्या फंदात पडू नये, कारण ज्यांचा प्रश्न आहे त्यांनाच घर सोडता येत नाही. नाशिकमध्ये सिडको, पंचवटी, नाशिकरोड अशा भागवार बैठका रुग्ण झोपतो त्या दुपारच्या वेळी घ्याव्यात.

कायद्याचा आधार नेमका द्यावा. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मधील ‘काळजीवाहका’च्या व्याख्येत मोबदला न घेणारे आईवडील व कुटुंबीयही येतात, आणि कलम २४ मध्ये जास्त आधाराची गरज असलेल्या दिव्यांगांसाठी काळजीवाहक भत्त्याचा उल्लेख आहे. ही योजना शासनाने आखायची असल्यामुळे ती मागणी आमदारांमार्फत मुंबईला जावी. राजीव गांधी भवनात, म्हणजे नाशिक महापालिकेच्या मुख्यालयात, मात्र महापालिकेच्या दिव्यांग कल्याणासाठीच्या पाच टक्के निधीतून काही तरतूद मागावी. दोन्ही मागण्या एकाच कागदावर घातल्या, की तो कागद एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर फिरत राहतो. जिल्हाधिकारी कार्यालयात महिन्याच्या पहिल्या सोमवारी लोकशाही दिन असतो, पण तिथे वैयक्तिक तक्रारच घेतात. म्हणून संघटनेच्या नावाने नव्हे, तर प्रत्येकाने आपापला अर्ज आगाऊ द्यावा.

दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नये. महिनाभरात उत्तर आले नाही, तर त्याच क्रमांकाचा हवाला देऊन, दहा रुपयांचे शुल्क भरून, अर्जावर काय कार्यवाही झाली ते माहिती अधिकारात विचारावे.