युटाची पाच राष्ट्रीय उद्याने मोटरहोमने पाहताना मार्ग कसा आखावा

अमेरिकेच्या युटा राज्याच्या दक्षिण भागात झायन, ब्राइस कॅन्यन, कॅपिटल रीफ, आर्चेस आणि कॅन्यनलँड्स अशी पाच राष्ट्रीय उद्याने आहेत. लास व्हेगासहून निघून आर्चेस-कॅन्यनलँड्सजवळच्या मोआब गावापर्यंत गेले की ती ओळीने पाहता येतात. वळसे धरून हा प्रवास साधारण ५५० ते ६०० मैलांचा होतो. भारतातून आलेले आई-वडील आणि लहान मुले सोबत असतील, तर स्वयंपाकघर, शौचालय आणि बिछाने असलेल्या मोटरहोमची, म्हणजेच आरव्हीची, या प्रवासात फार मोठी सोय होते. मात्र नकाशावर दिसणारा प्रत्येक रस्ता अशा गाडीसाठी खुला नसतो. म्हणून आधी गाडीचे माप आणि मग मार्ग, हा क्रम शेवटपर्यंत पाळावा.

पहिली पायरी: गाडी निवडा आणि तिची मापे लिहून घ्या

भाड्याने मिळणाऱ्या गाड्यांचे साधारण तीन प्रकार असतात. बसएवढी मोठी ती क्लास ए, व्हॅनमध्येच घर बसवलेली ती क्लास बी आणि चालकाच्या डोक्यावर बिछान्याचा कप्पा असलेली ती क्लास सी. चार-पाच जणांच्या कुटुंबाला २४ ते २५ फुटांची क्लास सी पुरेशी होते, आणि या मार्गावर त्याहून मोठी गाडी घेऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे. गाडी ताब्यात घेताना छतावरील एसीसह उंची आणि दोन्ही बाजूंचे आरसे धरून रुंदी विचारावी, आणि ती कागदावर लिहून चालकासमोर चिकटवून ठेवावी. भाडेकरारात रोजच्या मैलांची आणि जनरेटरच्या तासांची मर्यादा किती आहे, कच्च्या रस्त्याला मनाई आहे का आणि भारतीय परवाना चालतो का, हेही त्याच वेळी विचारून घ्यावे. अशी गाडी एका गॅलनमध्ये जेमतेम ८ ते १० मैल जाते, तेव्हा इंधनाचा हिशेब आधीच मांडावा.

दुसरी पायरी: झायनच्या बोगद्याचा निर्णय घ्या

झायनहून पूर्वेकडे बाहेर पडणारा माउंट कार्मेल रस्ता १.१ मैल लांबीच्या बोगद्यातून जातो. हा बोगदा १९३० मध्ये, त्या काळच्या लहान गाड्या डोळ्यांसमोर ठेवून बांधलेला आहे. मोठी गाडी वळणावर मधली रेघ ओलांडत असल्यामुळे अनेक वर्षे समोरची वाहतूक थांबवून आणि जादा शुल्क घेऊन तिला सोडले जात असे. आता उद्यान प्रशासनाने जून २०२६ पासून मोठ्या गाड्यांना हा रस्ता बंद करण्याचे ठरवले आहे. ११ फूट ४ इंच उंची, ७ फूट १० इंच रुंदी आणि ३५ फूट ९ इंच लांबी या त्यासाठीच्या मर्यादा आहेत. बहुतेक लोक लांबीची चिंता करतात, पण क्लास सी गाडी अडते ती रुंदीवर, कारण तिचे नुसते धडच सहसा या मर्यादेहून रुंद असते.

तेव्हा झायन पाहून झाल्यावर पश्चिमेला हरिकेन गावापर्यंत मागे यावे आणि तेथून राज्य मार्ग ५९ धरून ॲरिझोनातील फ्रेडोनियामार्गे कनाबला पोहोचावे. पुढे महामार्ग ८९ उत्तरेकडे ब्राइसच्या फाट्यापर्यंत नेतो. लाल कड्यांना समांतर जाणारा हा वळसा मुळीच रुक्ष नाही.

तिसरी पायरी: मुक्काम आधी ठरवा

झायनमधील वॉचमन कॅम्पग्राउंडमध्ये वीजजोडणी असलेल्या जागा आहेत आणि शटल बसचा थांबा तेथून चालत गाठता येतो. वर्षाच्या बहुतेक काळात मुख्य दरीत खासगी गाड्यांना प्रवेश नसल्यामुळे हे महत्त्वाचे ठरते. या जागांचे आरक्षण रिक्रिएशन डॉट गव्ह या संकेतस्थळावर सहा महिने आधी खुले होते आणि लगेच भरते. कॅपिटल रीफमधील फ्रूटा कॅम्पग्राउंडमध्ये वीज किंवा पाण्याची जोडणी नाही, पण मॉर्मन या ख्रिस्ती पंथाच्या वसाहतकारांनी लावलेल्या फळबागांच्या शेजारी राहायला मिळते. कॅन्यनलँड्सच्या विलो फ्लॅटमध्ये २८ फुटांपर्यंतचीच गाडी उभी करता येते.

पासाचा विचारही येथेच करावा. २०२६ पासून राष्ट्रीय उद्यानांच्या प्रवेशाचा वार्षिक पास अमेरिकेतील रहिवाशांना ८० डॉलरला, तर परदेशी पाहुण्यांना २५० डॉलरला मिळतो. हा पास नसलेल्या परदेशी पाहुण्यांना झायन आणि ब्राइस येथे नेहमीच्या शुल्काशिवाय १६ वर्षे व त्यापुढील प्रत्येक माणसामागे १०० डॉलर द्यावे लागतात. आई-वडील भारतातून येणार असतील, तर हा फरक आधीच लक्षात घ्यावा.

चौथी पायरी: सीनिक बायवे १२ ला पूर्ण दिवस द्या

साऱ्या प्रवासातील सर्वांत सुंदर भाग हाच आहे. पँग्विचजवळून कॅपिटल रीफजवळच्या टोरी गावापर्यंतचा हा रस्ता सुमारे १२४ मैलांचा आहे, आणि ब्राइसहून निघाल्यास त्यातील शंभरेक मैल उरतात. अंतर लहान वाटले तरी त्याला अख्खा दिवस राखून ठेवावा. एस्कलांटे गाव मागे पडल्यावर फिकट खडकांचा अफाट पसारा अचानक समोर उघडतो. तेथील हेड ऑफ द रॉक्स या ठिकाणी थांबून पुढचा रस्ता वरूनच नीट पाहून घ्यावा. त्यानंतर उतार, नदी आणि मग हॉगबॅक नावाची अरुंद धार लागते. या धारेवर दोन्ही बाजूंना खोल दरी आहे आणि कठडा नाही. येथे दिवसाउजेडीच जावे, वेग कमी ठेवावा आणि उतारावर सतत ब्रेक दाबत न राहता खालचा गिअर वापरावा, म्हणजे ब्रेक तापत नाहीत. मागे गाड्या साचल्या, तर रुंद जागा पाहून बाजूला थांबावे आणि त्यांना पुढे जाऊ द्यावे. बाउल्डर गावानंतर रस्ता ९,००० फुटांच्या वर चढतो, त्यामुळे एप्रिलमध्येही तेथे बर्फ असू शकते. मे महिना किंवा सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरचा मध्य हा काळ मला सर्वांत योग्य वाटतो. जुलै-ऑगस्टमध्ये वादळी पावसाने कोरड्या ओढ्यांना अचानक लोंढे येतात.

पाचवी पायरी: पाणी, सांडपाणी आणि स्वयंपाक सांभाळा

गाडीत ताज्या पाण्याची, धुण्याभांड्यांच्या पाण्याची आणि शौचालयाची अशा तीन टाक्या असतात. डंप स्टेशनवर, म्हणजे टाक्या रिकाम्या करण्याच्या जागी, हातमोजे घालून आधी शौचालयाची टाकी रिकामी करावी आणि नंतर धुण्याभांड्यांच्या पाण्याची, म्हणजे त्या पाण्याने नळी धुऊन निघते. शौचालयाची झडप एरवी बंदच ठेवावी. ती उघडी राहिली, तर पाणी निघून जाते आणि घट्ट मळ तळाशी साचतो. फोडणी देण्यापूर्वी छतावरील झरोका उघडून पंखा लावावा, कारण लहानशा जागेत मोहरी-मिरचीच्या धुराने धोक्याचा भोंगा लगेच वाजतो. गाडी चालू असताना मात्र कोणीही ओट्यापाशी उभे राहू नये. सर्वांनी पट्टा लावून बसावे.

सहावी पायरी: मोआबला पोहोचा आणि परतीचा रस्ता ठरवा

टोरीहून राज्य मार्ग २४, आंतरराज्य महामार्ग ७० आणि महामार्ग १९१ अशा क्रमाने मोआब गाठता येते. हँक्सव्हिलजवळ मोकळ्या मैदानात आडवा वारा उंच गाडीला ढकलतो, तेव्हा सुकाणू दोन्ही हातांनी धरावे. दक्षिणेकडून परतण्याचा मोह झाला, तरी मोकी डगवे हा कच्चा आणि तीव्र उताराचा घाट मोटरहोमने टाळावा. महामार्ग ७० ने परत जायचे असेल, तर ग्रीन रिव्हर येथेच टाकी भरावी, कारण पुढे सलाइनापर्यंत शंभराहून अधिक मैल एकही पेट्रोल पंप नाही. गाडी परत करण्याच्या आदल्या रात्री डंप स्टेशन असलेल्या ठिकाणीच मुक्काम ठेवावा, म्हणजे सकाळी टाक्या रिकाम्या करूनच निघता येते.