व्हॅक्यूम क्लीनर ओढत नाही? मोटरच्या नावाने खडे फोडायच्या आधी या चुका टाळा

मावशीकडचा व्हॅक्यूम क्लीनर तीन वर्षं माळ्यावर पडून होता. मोटर गेलीय असं घरात ठरूनच गेलेलं, रिपेअरवाल्यानेही न उघडता नवी मोटर टाका म्हणून सांगितलेलं, त्यामुळे गेल्या दिवाळीच्या साफसफाईत तो भंगारात निघाला होता. मी सहज झाकण उघडून बघितलं तर आतली कापडी बॅग उशीसारखी ठासून भरलेली. खाली पार्किंगमागे नेऊन ती रिकामी केली, त्यातून केसांचे पुंजके, रांगोळी, तीन यू-पिना आणि मावशीच्या हरवलेल्या कानातल्याची फिरकी निघाली. फिल्टर झटकला, सगळं परत बसवलं, बटण दाबलं आणि त्याने पहिल्या दणक्यात पडदाच गिळला! मोटर ठणठणीत होती. मावशी म्हणे, "अगं पण ते रिकामं करायचं असतं का? घेताना तो माणूस काही बोलला नव्हता."

तर गंमत अशी की हे मशीन हवेवर जगतं. आतली मोटर मिनिटाला वीस-तीस हजार फेरे मारते, तिच्यामुळे पंखा हवा ओढतो, हवेबरोबर धूळ येते, धूळ बॅगेत अडकते आणि हवा बॅगेच्या बारीक छिद्रांतून पुढे जाते. घरगुती ड्राय मशीनमध्ये (म्हणजे फक्त सुका कचरा ओढणाऱ्या) बहुतेक वेळा हीच हवा मोटरवरून जाऊन तिला थंड ठेवते. म्हणजे बॅग भरली की सफाई तर होत नाहीच, वर मोटर तापत राहते. बॅग काठोकाठ भरायची वाट बघू नका, दोन तृतीयांश झाली की रिकामी करा. आणि कागदी असेल तर नवीन घाला, ती झटकून झटकून परत वापरायची काटकसर मोटरच्या मुळावर येते.

आवाजावरून पण लोक फसतात. मशीनचा आवाज अचानक चिरका, वरच्या पट्टीत गेला की वाटतं वा, काय जोर आलाय! प्रत्यक्षात उलटं असतं, हवा अडली की पंख्यावरचा भार कमी होतो आणि मोटर सुसाट फिरायला लागते. तसा आवाज आला की लगेच बंद करून प्लग काढा (उघडण्याआधी प्लग काढायचाच, नुसतं बटण बंद नको) आणि काय अडकलंय ते बघा. मधेच आपोआप बंद पडला तर बऱ्याच मशीनमध्ये तो थर्मल कटआउट असतो, म्हणजे मोटर फार तापली की ती जळू नये म्हणून वीज आपोआप तोडणारी सोय. त्यावर आपण काय करतो तर दर दोन मिनिटांनी बटण दाबून बघतो आणि वर एक चापट मारतो. बॅग, फिल्टर, पाइप साफ करा, अर्धा-पाऊण तास गार होऊ द्या, मग लावा.

पाइप तुंबलाय का हे बघायची सोपी युक्ती म्हणजे तो काढून सरळ धरायचा आणि वरून एक नाणं सोडायचं. खाली पडलं नाही तर आत काहीतरी आहे. मग काठीने ढोसताना ज्या बाजूने कचरा आत गेला त्याच्या उलट बाजूने ढकला नाहीतर गोळा अजून घट्ट बसतो. तार अजिबात घालू नका, पाइपला भोक पडलं की तिथूनच हवा आत जाते आणि तोंडाशी ओढच राहत नाही, मग चिकटपट्टी लावत बसा.

आता रांगोळी. दिवाळीनंतर दारातली रांगोळी, फराळाचं सांडलेलं पीठ, कारपेंटर गेल्यावरचा भुसा, भिंत घासल्यावरची पुट्टी, हे सगळं आपण कौतुकाने मशीनने ओढतो. मोठा कचरा त्याला चालतो, हे बारीक पीठच नडतं, कारण छिद्रं त्यानेच बुजतात, बॅग अर्धी रिकामी असताना पण. अशा गोष्टींना केरसुणी आणि ओलं फडकंच बरं. अगरबत्तीची, होमाची राख तर नकोच, वरून गार दिसते पण आत निखारा असला तर वाऱ्यावर फुलतो आणि भोवती असते सगळी सुकी धूळ. आणि ड्राय मशीनने पाणी ओढायचं नाही हे सांगायला नको, तरी चहा सांडला की कोणीतरी ओढतंच.

धुण्याबद्दल दोन शब्द. फोमचा फिल्टर धुतला तर पूर्ण वाळू द्या, सावलीत निदान २४ तास, पावसाळ्यात दोन दिवस लागले तरी लागू देत. ओला घातला तर धुळीचा चिखल होतो आणि मशीनमधून कुबट, ओल्या गोधडीसारखा वास येतो जो मग जाता जात नाही. हेपा फिल्टर ०.३ मायक्रॉनचे ९९.९७ टक्के कण अडवतो म्हणून आपण पैसे मोजतो आणि मग त्याच्याच घड्या ब्रशने खसाखसा घासतो! त्यावर धुवायचा असं लिहिलं असेल तरच धुवा, नाहीतर हलकेच झटकून घ्या किंवा बदला. घडी फाटली की बारीक धूळ मागच्या बाजूने परत हॉलमध्ये.

वायरवर पिवळी आणि लाल पट्टी असते ती शोभेची नाही. पिवळ्यापर्यंत वायर बाहेर काढायची, लाल दिसली की थांबायचं. अर्धी वायर आत गुंडाळलेली ठेवून तासभर चालवलं की ती आतल्या आत तापते. १४०० वॉटचं मशीन २३० व्होल्टवर साधारण ६ अँपिअर ओढतं, म्हणजे मोबाइल चार्जरवाला बारीक एक्स्टेंशन बोर्ड त्याला नकोच. बाकी वॉट जास्त म्हणजे ओढ जास्त हा पण गैरसमज, युरोपात तर २०१७ पासून घरगुती मशीनला ९०० वॉटची मर्यादा आहे आणि तिथली घरं काही धुळीत बुडाली नाहीत.

रोबोट क्लीनरवाल्यांनी महिन्यातून एकदा त्याला उलटा करावा. ब्रशवर आणि पुढच्या छोट्या चाकाच्या दांड्यावर केस असे आवळतात की बेअरिंगचं वाटोळं, ते कात्रीने कापून काढायचे. पोटाखालच्या सेन्सरवर धूळ बसली की त्याला समोर जिना असल्यासारखं वाटतं आणि तो भर हॉलमध्ये मागे मागे सरकतो, कोरड्या फडक्याने पुसा. कॉर्डलेस असेल तर मे महिन्यात गावी जाताना बॅटरी पार शून्यावर टाकून जाऊ नका, निम्मी चार्ज ठेवा. आमची जाऊबाई न्यू जर्सीला असते, तिकडे घरभर कार्पेट आणि उभं मशीन, तिला जळक्या रबराचा वास येत होता तर ब्रशमध्ये केस अडकून तो फिरवणारा रबरी बेल्ट घसरत होता, मोटरचा काही संबंध नाही.

एवढं करूनही आत ठिणग्या दिसल्या, जळका वास आला किंवा मशीन मधेच अडखळायला लागलं तर मात्र दुकान गाठा, पण मोटर गेली असं आपणच जाहीर करू नका, आधी कार्बन (मोटरच्या फिरत्या भागाला वीज पोचवणारे छोटे तुकडे) बघा म्हणा. बऱ्याचदा ते झिजलेले असतात आणि मोटर बदलण्यापेक्षा कितीतरी स्वस्तात बदलून मिळतात. बॅग तेवढी घरून रिकामी करून न्या.